कॅरोलिनला सापडलेलं चांदीचं नाणं



दिवाळी झाली की आभाळ निवळतं. पावसाळी ढग गेलेले असतात, थंडीचं धुकं अजून पडायचं असतं. अशा दिवसांत रात्री नऊच्या सुमाराला अंगणात दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं, तर आभाळाचा एक मोठा तुकडा रिकामाच वाटतो. ठळक तारा नाही, चित्र जुळवावं असं काही नाही. पण त्या रिकाम्या जागेत एक दीर्घिका आहे. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा मेळा. आपला सूर्य ज्या मेळ्यात आहे, त्याला आपण आकाशगंगा म्हणतो. तसाच हा दुसरा मेळा, चक्रीसारखा, आपल्यापासून खूप लांब. नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही. छोट्या दुर्बिणीतून फिकट, लांबट डाग दिसतो, कुणी काचेवर बोट ओढावं तसा. आपल्याला तो तिरका दिसतो, म्हणून आकाश बघणारे हौशी लोक त्याला चांदीचं नाणं म्हणतात. शास्त्रज्ञांच्या यादीत त्याचं नाव आहे एनजीसी २५३.

हे नाणं पहिल्यांदा दिसलं एका बाईला. तारीख होती २३ सप्टेंबर १७८३. आपल्याकडे तेव्हा सवाई माधवराव पेशवे लहान होते आणि पुण्यात नाना फडणवीसांचा कारभार चालू होता. ती बाई इंग्लंडमधल्या डॅचेट नावाच्या गावात, थेम्स नदीच्या काठी, भाड्याच्या जुन्या घरात राहत होती. तिचं नाव कॅरोलिन हर्शेल. आजच्या भागात तिची गोष्ट सांगणार आहे.

कॅरोलिन मूळची जर्मनीतल्या हॅनोवरची. जन्म १७५० चा. वडील लष्कराच्या बँडमध्ये वाजवायचे. घरात मुलं बरीच, पैसा बेताचा. तीन वर्षांची असताना तिला देवी आल्या आणि चेहऱ्यावर व्रण राहिले. दहाव्या वर्षी टायफसचा ताप आला, त्यानंतर तिची वाढच खुंटली. मोठी झाली तरी उंची सव्वाचार फुटांच्या आसपास. घरात सगळ्यांनी गृहीत धरलं की हिचं लग्न काही होणार नाही. आईचं म्हणणं होतं की हिला वाचता-लिहिता आलं तेवढं पुरे, आता घरकाम शिकावं. वडिलांना मुलीला शिकवायची हौस होती. आई घरात नसली की ते चोरून थोडंफार शिकवायचे, आणि एकदा थंडीच्या रात्री तिला रस्त्यावर नेऊन तारेही दाखवले होते. पण वडील १७६७ मध्ये गेले. त्यानंतर कॅरोलिनच्या वाट्याला आलं ते स्वयंपाक, धुणं, आणि भावांसाठी मोजे विणणं.

थोरला भाऊ विल्यम तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. तो इंग्लंडमधल्या बाथ शहरात संगीत शिकवून आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवून पोट भरत होता. १७७२ मध्ये तो बहिणीला न्यायला आला. आई सोडेना. घरातलं काम कोण करणार? शेवटी विल्यमने कबूल केलं की आईला दरवर्षी ठरावीक रक्कम पाठवीन, त्यातून कॅरोलिनच्या जागी मोलकरीण ठेवावी. तेव्हा कुठे ती सुटली. मला या गोष्टीतला हा हिशोब फार बोलका वाटतो. बावीस वर्षांच्या मुलीच्या कामाची किंमत काय, हे त्या घरात पहिल्यांदा तेव्हा ठरलं, आणि ते पैसे तिच्या हातात आलेच नाहीत.

बाथमध्ये ती गाणं शिकली आणि चांगली गायिका झाली. मैफिलींत मुख्य गायिका म्हणून तिचं नाव लागायला लागलं. गणितही शिकली, ते सकाळच्या न्याहारीच्या टेबलावर. भाऊ चहा पिता पिता कागदावर उदाहरणं लिहून द्यायचा. पाढे मात्र तिला कधीच पाठ झाले नाहीत. पुढे आयुष्यभर आकाशाची गणितं करणारी ही बाई पाढ्यांचा तक्ता जवळ ठेवायची. लागला की बघायची आणि काम पुढे चालू.

तोवर विल्यमला दुर्बिणीचं वेड लागलं होतं. विकत मिळणाऱ्या दुर्बिणी लहान आणि महाग, म्हणून तो स्वतःच बनवायला लागला. त्याच्या दुर्बिणींत काचेच्या भिंगाऐवजी धातूचा आरसा असायचा. तांबं आणि कथील वितळवून ओतलेला. कथील आपल्याला कल्हईमुळे माहीतच आहे. हा धातू घासून घासून आरशासारखा करायचा. घासताना मध्ये हात काढला तर आरसा बिघडतो. एकदा विल्यम सोळा तास हात न काढता घासत बसला होता आणि कॅरोलिन त्याच्या तोंडात घास भरवत होती. तो घासत असताना ती त्याला पुस्तकंही वाचून दाखवायची. १७८१ मध्ये मोठा आरसा ओतायचा ठरला. साचा मातीत घोड्याची लीद मिसळून करायचा होता. ती लीद उखळात कुटायची आणि बारीक चाळायची. ढिगांनी लीद होती, आणि कुटायला-चाळायला कॅरोलिन होतीच. इतकं करून तो आरसा जमला नाही. वितळलेला धातू भट्टीतून गळून फरशीवर सांडला, फरशीचे दगड तडातडा उडाले आणि सगळे जीव घेऊन पळाले.

त्याच वर्षी मार्चमध्ये विल्यमला युरेनस हा नवा ग्रह सापडला होता. इंग्लंडच्या राजाने त्याला वर्षाला २०० पौंड बांधून दिले. संगीताचा धंदा सोडून तो १७८२ मध्ये डॅचेटला राहायला आला. कॅरोलिनचं गाणंही तिथेच संपलं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

डॅचेटला आल्यावर भावाने तिला एक छोटी दुर्बीण दिली आणि सांगितलं की आकाश झाडून काढ, धूमकेतू दिसतो का बघ. आपण अंगण झाडतो तसं आकाश झाडायचं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग थोडं खाली, पुन्हा तेच. सुरुवातीला तिचा जीव रमला नाही. तिने स्वतःच आठवणींत लिहून ठेवलंय की दंवाने भिजलेल्या, कधी गोठलेल्या गवतावर एकटीने रात्र काढायची, हाक मारली तर ऐकायला जवळ माणूस नाही, यात कसलं आलंय उत्तेजन! वर घर नवं, ओळखी नाहीत, बाजारात अंडी आणि मटणाचे भाव ऐकून ती हबकलेली.

पण वर्षाच्या शेवटी तिला काहीतरी गवसायला लागलं. फेब्रुवारी १७८३ मध्ये एक तारकापुंज सापडला, जो तेव्हाच्या कुठल्याच यादीत नव्हता. मग आणखी काही. भावाच्या लक्षात आलं की हिची नजर पक्की आहे. त्या उन्हाळ्यात त्याने खास तिच्यासाठी आरशाची नवी दुर्बीण बनवली. आरसा ४ इंचांहून थोडा मोठा, नळी सव्वादोन फुटांच्या आसपास. आज हौशी मंडळी शाळेतल्या मुलांना शिकवायला वापरतात, साधारण तेवढीच. बांधणी अशी की डोळा एकाच जागी ठेवून नळी आभाळाच्या खालच्या कडेपासून डोक्यापर्यंत हळूहळू फिरवता यायची. सारखं उठबस करायला नको.

या दुर्बिणीच्या पहिल्याच उन्हाळ्यानंतर, सप्टेंबरच्या त्या मध्यरात्रीच्या सुमाराला, तिची नळी दक्षिणेकडे अगदी खाली गेली होती. इंग्लंड पृथ्वीच्या गोलावर बरंच उत्तरेला आहे, त्यामुळे दक्षिणेकडचे तारे तिथून क्षितिजाला चिकटल्यासारखे दिसतात. हात लांब करून मूठ धरा. त्या मुठीच्या रुंदीपेक्षा जेमतेम थोड्या जास्त उंचीवर हा डाग होता. नदीकाठचा दमटपणा, झाडांचे शेंडे, जमिनीलगतची धूसर हवा, या सगळ्यातून. आजच्या हौशी निरीक्षकांना विचाराल तर ते सांगतील की एवढ्या खाली फिकट वस्तू शोधणं म्हणजे चुलीच्या धुरातून सुईत दोरा ओवणं. पॅरिसमध्ये शार्ल मेसिए नावाच्या नावाजलेल्या निरीक्षकाने दोनच वर्षांपूर्वी अशा धूसर डागांची शंभराहून थोडी मोठी यादी छापली होती. त्यात हा नव्हता. त्याआधी लाकाय नावाचा फ्रेंच माणूस आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला दोन वर्षं जाऊन राहिला होता. तिथून हा भाग डोक्यावर येतो. या रिकाम्या जागेला ‘शिल्पकार’ असं तारकासमूहाचं नाव दिलं तेही त्यानेच. पण त्याच्या यादीतही हा डाग नाही.

कॅरोलिनने वहीत नोंद केली. विल्यमने नंतर स्वतःच्या मोठ्या दुर्बिणीतून तो डाग पाहिला आणि आपल्या यादीतल्या ‘फार मोठे’ या वर्गात त्याला पहिला क्रमांक दिला. शोध कॅरोलिनचा, हेही त्याने नोंदवलं. एवढा प्रामाणिकपणा त्याच्यात होता, हे सांगायला हवं.

त्या वर्षभरात तिने असे डझनभर डाग आणि पुंज गोळा केले. इतिहासकार म्हणतात की ते पाहूनच विल्यमला उमगलं, की चार इंचांच्या दुर्बिणीतून एकट्या बाईला एवढं सापडतंय, तर आभाळात न मोजलेलं किती असेल! ऑक्टोबर १७८३ मध्ये त्याने वीस फुटी मोठी दुर्बीण घेऊन आकाश झाडायला घेतलं.

आणि इथे कॅरोलिनच्या रात्री संपल्या.

मोठ्या दुर्बिणीला दोन माणसं लागतात. विल्यम शिडीवर चढून, अंधारात डोळा लावून बघणार. त्याने मध्ये उजेडात येऊन लिहायला घेतलं तर डोळ्यांना पुन्हा अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं जातात, तोवर आभाळ सरकून जातं. म्हणून कॅरोलिन खिडकीशी दिवा, घड्याळ आणि ताऱ्यांची यादी घेऊन बसायची. तो वरून ओरडून सांगायचा, ती लिहायची, मोठ्याने परत वाचून दाखवायची, घड्याळ बघून वेळ टाकायची. दुसऱ्या दिवशी तो झोपायचा किंवा आरसे घासायचा, आणि ती रात्रीच्या नोंदी स्वच्छ अक्षरात उतरवून गणितं करायची. असं वीस वर्षं चाललं. त्यातून २५०० डागांची यादी झाली. जगात ती विल्यम हर्शेलची यादी म्हणून ओळखली जाते. तिची स्वतःची छोटी दुर्बीण या काळात भाऊ गावाला गेला असेल तेव्हाच बाहेर यायची.

त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरची गोष्ट. दिवसभर ढग, खाली फूटभर वितळता बर्फ. रात्री दहाच्या सुमाराला चार तारे दिसले. भाऊ वरून ओरडला, लवकर कर. ती अंधारात धावली आणि पाय घसरला. दुर्बिणीच्या चौकटीला खाटिक मांस टांगतात तसले लोखंडी आकडे होते. त्यातला एक तिच्या उजव्या पायात, गुडघ्याच्या वर घुसला. भाऊ पुन्हा लवकर कर म्हणाला, आणि तिने सांगितलं की मी अडकलेय. ओढून काढलं तेव्हा मांसाचा तुकडा आकड्याला राहिला. मलमपट्टी तिने स्वतःच केली. पुढे एका डॉक्टरने सांगितलं की एखाद्या शिपायाला अशी जखम झाली असती तर सहा आठवडे दवाखान्यात ठेवलं असतं. आणि ती काय लिहून ठेवते? की बरं झालं, त्या रात्री पुढे आभाळ झाकलं, त्यामुळे भावाच्या कामाचं नुकसान झालं नाही.

हे वाचलं की मला तिचा रागही येतो आणि दयाही. तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही ठरवा.

भाऊ १७८६ मध्ये जर्मनीला गेला होता. कॅरोलिन स्लाउ गावच्या घरी एकटी. हिशोब लिहिले, आरसे आणि पितळी भाग पुसले, आणि १ ऑगस्टच्या रात्री आपली दुर्बीण बाहेर काढली. धूमकेतू सापडला! दुसऱ्या दिवशी तिने लंडनच्या शास्त्रज्ञांना पत्र धाडलं. पुढच्या अकरा वर्षांत तिने आठ धूमकेतू शोधले. पुढच्याच वर्षी राजाने तिला भावाची मदतनीस म्हणून वर्षाला ५० पौंड पगार सुरू केला. इंग्लंडमध्ये शास्त्रीय कामासाठी पगार मिळालेली पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतात. पहिल्या तिमाहीचे साडेबारा पौंड हातात आले तेव्हा तिने लिहिलं, आपल्या मनाप्रमाणे खर्च करावेत असे आयुष्यातले हे पहिलेच पैसे. तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. गटाचं पहिलं पासबुक ज्यांच्या हातात आलंय, त्यांना हे वाक्य समजावून सांगायची गरज नाही.

पुढच्या वर्षी विल्यमचं लग्न झालं. इतकी वर्षं घराच्या किल्ल्या कॅरोलिनच्या कमरेला होत्या, त्या आता वहिनीकडे गेल्या. ती वेगळ्या खोलीत राहायला गेली, रात्री कामाला येत राहिली. त्या दहा वर्षांतली रोजनिशी तिने नंतर फाडून टाकली. तिने काय लिहिलं होतं, ते तिलाच ठाऊक.

विल्यम १८२२ मध्ये वारला. त्यानंतर कॅरोलिन हॅनोवरला परतली. वय बहात्तर. तिथे घरांच्या उंच भिंतींमुळे आभाळ नीट दिसत नाही, अशी तिची तक्रार असायची. मग तिने बसल्या जागी दुसरं काम काढलं. भावाच्या यादीतले २५०० डाग आकाशाच्या पट्ट्यांप्रमाणे नव्याने लावले, म्हणजे कुठल्या रात्री नळी कुठे धरली की काय काय दिसेल ते एका नजरेत कळावं. हे केलं विल्यमचा मुलगा जॉन याच्यासाठी. कॅरोलिन त्याची आत्या. आत्याची वही समोर ठेवून जॉनने वडिलांनी पाहिलेले डाग पुन्हा तपासले. या कामासाठी १८२८ मध्ये लंडनच्या ज्योतिर्विदांच्या संस्थेने तिला सुवर्णपदक दिलं.

जॉन १८३४ मध्ये बायकामुलांसह आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला पोचला आणि चार वर्षं राहिला. आत्याने पत्रात लिहिलं, वृश्चिक राशीत नीट बघ, तुझ्या वडिलांना तिथे काहीतरी विशेष वाटलं होतं. आत्याला डॅचेटच्या गवतावरून क्षितिजापाशी दिसलेलं नाणं जॉनला केपमध्ये जवळजवळ डोक्यावर दिसलं, मोठं, लखलखीत. त्याच्या या निरीक्षणांचा ग्रंथ १८४७ मध्ये छापून झाला आणि हॅनोवरला आत्याच्या हाती पोचला. ती सत्त्याण्णव वर्षांची होती. पुढच्या जानेवारीत ती गेली.

तो डाग म्हणजे खरं काय, हे मात्र तिला कळलं नाही. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. चमकणारं धुकं की फार लांबचे तारे, यावर वाद चालत. त्याचं उत्तर मिळायला विसावं शतक यावं लागलं, आणि त्यातही एका बाईचा हात आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत हेन्रिएटा लेविट तासाला तीस सेंट मजुरीवर फोटोच्या काचांवरचे तारे मोजायची. कमीजास्त होणाऱ्या एका जातीच्या ताऱ्यांवरून अंतर कसं काढायचं, याची किल्ली तिने १९१२ मध्ये दिली. ती वापरून एडविन हबल याने पुढच्या दशकात दाखवलं की असे डाग आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचे, स्वतंत्र मेळे आहेत. चांदीच्या नाण्याचं अंतर आज एक कोटी दहा लाख प्रकाशवर्षांच्या आसपास धरतात. म्हणजे आज रात्री जो उजेड डोळ्यात शिरेल, तो माणूस पृथ्वीवर यायच्या कितीतरी आधी तिथून निघालेला. त्या मेळ्याच्या मधल्या भागात नवे तारे फार वेगाने जन्माला येताहेत, म्हणून शास्त्रज्ञांना त्यात रस आहे.

आता बघायचं कसं ते सांगते. महाराष्ट्रातून ही दीर्घिका साधारण साडेचार मुठी वर येते, म्हणजे कॅरोलिनपेक्षा आपली जागा कितीतरी चांगली. कार्तिकात अमावस्येच्या आसपासची रात्र घ्या. डोक्यावर भाद्रपदा नक्षत्रांचा मोठा चौकोन दिसतो. त्याची पूर्वेकडची बाजू म्हणजे उत्तरा भाद्रपदा. ती बाजू दक्षिणेकडे, तिच्या लांबीच्या दुपटीहून थोडी जास्त, सरळ खाली न्या. किंचित पूर्वेला एक एकटा पिवळसर तारा भेटेल, डिफ्डा. तो दक्षिणेला बरोबर समोर आला की त्याच्या खाली पाऊण मुठीवर दुर्बीण धरायची. पक्षी बघायची दोन डोळ्यांची दुर्बीणही चालते.

आधी अर्धा तास अंधारात बसा. मोबाईल बंद, अंगणातला बल्ब बंद. बॅटरी लागलीच तर तिला लाल कापड बांधा. आणि डागाकडे थेट बघू नका. जरा बाजूला बघत डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपा, कारण मंद उजेड ओळखणारा भाग डोळ्याच्या मध्यावर नसतो. दुर्बिणीला बोटाने हलकी टिचकी मारली तर हलणारा डाग अजून पटकन कळतो. चार इंची दुर्बिणीत फिकट लांब रेघ दिसेल, जवळजवळ पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढी लांब. आठ इंचीतून तिच्यावर गडद-उजळ ठिपके दिसायला लागतात. फोटोत दिसतात तसे चक्रीचे हात आणि रंग डोळ्यांना दिसत नाहीत, तेव्हा ते शोधत बसू नका. रेघ सापडली की नळी थोडी खाली आणि पूर्वेला सरकवा. तिथे गोल, अगदी मंद असा ताऱ्यांचा गोळा आहे, तो विल्यमने शोधलेला.

दुर्बीण कुठून आणायची, असं तुम्ही विचाराल. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवते आहे, आणि अशी मंडळं आता बऱ्याच शहरांत आहेत. ही मंडळी अंधार शोधत गाडी करून खेड्यांकडे येतात, कारण शहरात दिव्यांमुळे हे नाणं दिसतच नाही. गावात अशी मंडळी उतरली तर शाळेतल्या मुलांना पाठवाच, पण जेवणखाण उरकून तुम्हीही जा. रांगेत उभं राहा, आणि आपली पाळी आली की कोपऱ्यातून बघायला विसरू नका.